तृतीय पुरुष नसलेलं क्रियापद

आमच्या गुन्वोर आत्यानं एक भाषा केली आहे.
केली म्हणजे विणली, उसवली, पुन्हा विणली,
बावीस वर्षं, खेकड्यांच्या कारखान्यातल्या पाळ्या सांभाळून.
ओव्रेल तिचं नाव.
व्याकरण पगाराच्या पावत्यांच्या पाठीवर
आणि कोश बुटांच्या खोक्यात,
त्याला अजून रबराचा वास येतो.

मी कादंबरी लिहीत होतो.
एक बेट, दोन चंद्र,
आणि एक नकाशा, जो कादंबरीपेक्षा बरा जमला होता.
मला तिच्याकडून एकच शब्द हवा होता: चेटूक.

डिसेंबर होता. वार्दोला तेव्हा सूर्य येत नाही,
दुपारी निळसर काहीतरी येतं आणि लाजून परत जातं.
आत्यानं कॉफी ठेवली. म्हणाली, कसलं चेटूक?
कसलंही, मी म्हटलं. सगळं मिळून एक.

तिनं खोकं उघडलं.
हुल्मे – सुकत टांगलेल्या कॉडला वाऱ्याचं नाव सांगणं.
तिस्क – बंद दाराची समजूत काढणं.
(जोरानं उघडलं तर ते तिस्क नव्हे, ती फक्त दांडगाई.)
वेर्रा – बोट परत येईपर्यंत सुईत दोरा न ओवणं.
आश्ने – दुसऱ्याच्या झोपेत दिवा ठेवून येणं,
पाय न वाजवता.
असे एकतीस कागद.
सगळं मिळून एक असं नव्हतंच.

मग निदान क्रियापद चालवून दाखव, मी म्हटलं.
तिनं तक्ता पुढे सरकवला.
मी: आश्नेन.
तू: आश्नेस? हे फक्त प्रश्नात,
तेही खालच्या आवाजात, शिकवशील का असं विचारताना.
तो, ती, ते, त्या:
तिथलं घर तिनं ब्लेडनं कापून काढलं होतं.
चौकोनी भोकातून खालचा मेणकापडाचा टेबलक्लॉथ दिसत होता,
लाल चौकड्यांचा.

चुकून कापलं?
नाही.

मग तिनं खिडकीकडे हनुवटी केली.
पलीकडे किनाऱ्यावर ती लांबट इमारत,
एकेका खिडकीशी एकेक दिवा,
एकेका दिव्यामागे जाळलेलं एकेक माणूस.
शाळेची सहल गेली होती आमची. मी तिथे चॉकलेट खाल्लं होतं.

कागदपत्रं वाचलीस त्यांची? आत्यानं विचारलं.
ती वारा गाठीत बांधते.
ती समुद्र उलथते.
ती मांजर होऊन जाते.
पानामागून पान, सगळं तृतीय पुरुषात,
आणि लिहिणारेही पुरुषच.
प्रथम पुरुष शेवटच्या पानावर येतो,
तोही थंडगार पाण्यात बुडवून काढल्यावर.

मी म्हटलं, बरं, मग क्रियापद नको, नाम दे.
नाम तर त्याहून वाईट, ती म्हणाली.
नामाला मागे गोंद असतो.

कॉफी निवली. माझ्या पहिल्या प्रकरणाचं पहिलं वाक्य होतं:
'ती चेटूक करते, असं गाव म्हणत होतं.'
ओव्रेलमध्ये त्यातलं फक्त गाव उरत होतं.
रागच आला, खरं सांगतो.
बावीस वर्षं खपून कुणी अशी भाषा करतं का
जिच्यात चहाडी करता येत नाही?
गोष्ट म्हणजे तरी दुसरं काय असतं?

तिनं खोक्याचं झाकण लावलं, रबरबँड चढवला,
आणि मला डबाभर खेकडा बांधून दिला,
फुटक्या पायांचा, विकायला न चालणारा.

घरी येऊन पहिलं वाक्य खोडलं.
दुसरं आपोआप पडलं.
नकाशा तेवढा भिंतीवर ठेवला.

सकाळी, म्हणजे घड्याळ म्हणालं म्हणून सकाळी,
फोनवर आत्याचा निरोप होता.
एकच शब्द. शेवटी न.

रात्री मला झोप कशी लागली होती
ते मी कुणाला सांगितलेलं नाही.
मी फक्त तिला उलट विचारलं,
खालच्या आवाजात, म्हणजे बारीक अक्षरात:
आश्नेस?